मानांग प्रिमीचा कापितान

आमच्या गल्लीत फिलाची शिवणकामाची खोली अगदी रस्त्याला लागून आहे. लग्नाचे झगे, शाळेचे गणवेश, फिएस्ताला, म्हणजे गावच्या जत्रेला, नाचणाऱ्या पोरींचे घागरे, सगळं तिच्याकडेच शिवलं जातं. माप द्यायला आलेलं माणूस तिथून लवकर उठत नाही, कारण समोरच्या भिंतीशी खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी आहे. मी समोरच राहते. सकाळी केळीच्या पानातला चिकट भात आणि गरम चॉकलेट विकते. दुपारनंतर माझे हात मोकळे आणि डोळेही मोकळे. त्यामुळे त्या टाकीपायी त्या घरात काय काय घडलं ते मला जितकं ठाऊक आहे तितकं त्या दोघी बहिणींनाही नसेल.

थोरली प्रिमितिवा. फिला तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणते, आणि अर्धं दुमागेते शहर तिला मॅम म्हणतं, कारण अर्ध्या शहराला तिने पाढे शिकवलेत. वर्गात गोंगाट झाला तर ती ओरडायची नाही. नुसता खडू खाली ठेवायची, की पोरं आपापल्या जागेवर जाऊन बसायची. लग्न केलं नाही. विचारायचं धाडस कुणी केलं नाही, असं माझी आई म्हणायची. धाकटी तेओफिला, म्हणजे आमची फिला. तिचा नवरा जहाजावर गेला आणि दुसऱ्याच कुठल्या बंदरात रमला. फिला एकदाच पोटभर रडली, मग त्याच्या शर्टांच्या पिशव्या शिवून बाजारात विकल्या आणि थोरलीच्या घरी राहायला आली.

टाकीचं खूळ दाविनच्या किनाऱ्यावर सुरू झालं. आमच्या गल्लीची सहल होती. एका होडीवाल्याने फिलाला पाण्यात बघायचा चष्मा आणि श्वासाची नळी दिली. पन्नाशी ओलांडलेली बाई, जन्म समुद्राकाठी गेला, पण पाण्याखाली कधी डोळे उघडले नव्हते. तिने डोकं खाली घातलं ते वर काढेचना. मी घाबरून तिचा झगा ओढला, तेव्हा ती तोंडातली नळी न काढताच काहीतरी ओरडली.

"अगं, काय? जेलीफिश चावला का?"

"लाबायान!" तिने नळी थुंकली. "बेबांग, लाबायान आहेत खाली! पण आपण तळून खातो तसले नाहीत. बोटाएवढे, लाल. नर आहेत ना, ते एकदम सगळे पर उभारतात आणि अंगातून वीज गेल्यासारखे निळे-पिवळे लखलखतात. माद्यांपुढे मिरवतात गं! आणि लगेच पुन्हा साधे. जसं काही केलंच नाही!"

लाबायान म्हणजे रॅस जातीचे मासे. घरी येईपर्यंत तिचा विचार पक्का झाला होता. हे लखलखणारे मासे तिला घरात हवे होते. एकदोन नव्हेत, चांगला मेळा.

दोन घरं सोडून नोंग तेरियो राहतो, नोंग म्हणजे दादा. बेटाबेटांमधल्या बोटींवर आयुष्यभर स्वयंपाकी होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं परदेशात. त्याच्या घरी प्रवाळाची जुनी टाकी होती, तिच्यात चांगले ताटाएवढे मासे. फिलाने त्याला गाठलं तेव्हा तो हसत सुटला.

"लाबायानांचा मेळा? फिला, ते एकमेकांशी सासरच्यांसारखे भांडतात."

"सगळे?"

"सगळे नाही. माणसं पारखून घ्यावी लागतात."

पण टाकी त्यानेच जुळवून दिली. समुद्राचं पाणी त्यानेच तीनचाकीवरून पिंपं भरभरून आणलं. खडक आला, वाळू आली, प्रवाळाचे तुकडे आले, पंप गुरगुरू लागला. मानांग प्रिमी दारात हाताची घडी घालून उभी. "विजेचं बिल कोण भरणार? आणि हा आवाज? घरात म्हातारी म्हैस बांधल्यासारखं वाटतंय."

मग तो आला. हातजाळीने मासे धरणाऱ्या माणसाकडून फिलाने खडकाचा शेवटचा तुकडा घेतला, तेव्हा त्याने एका पिशवीत एक मासा वर फुकट दिला. जांभळं अंग, त्यावर नारिंगी पट्ट्या, एका बाजूला सहा. करंगळीपेक्षा छोटा. तोही लाबायानच. टाकीत सोडल्याबरोबर त्याने प्रत्येक भोकात डोकं घालून पाहणी केली, एका खेकड्याला घराबाहेर काढलं आणि काचेपाशी येऊन थांबला. काचेच्या पलीकडे मानांग प्रिमी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हा कोण?" मानांगने विचारलं.

"फुकट आलाय."

"कसा रोखून बघतोय बघ. आपल्या बारांगायच्या कापितानसारखा. गस्त घालतोय जणू."

बारांगाय म्हणजे आमची वस्ती आणि कापितान तिचा प्रमुख. त्या दिवसापासून त्याचं नाव कापितान पडलं आणि त्या दिवसापासून मानांगला पंपाचा आवाज ऐकू येईनासा झाला. ती सकाळी उठून कोळंबीचा बारीक कीस बोटावर घेऊन पाण्यात धरायची आणि तो तिच्या बोटाला लगटून खायचा. दुसऱ्या कुणाच्या बोटाकडे तो ढुंकूनही पाहायचा नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मानांगला कुणी असं वेळेवर हजर राहून दाखवलं नव्हतं.

फिलाने लखलखणाऱ्या लाबायानांची पहिली जोडी आणली तेव्हा मी तिथेच होते. लाल नर आणि फिकट केशरी मादी. कापितानने त्यांना पाहिलं आणि जो सुटला! नर खडकामागे, कापितान मागे. नर वर, कापितान वर. मादी एका फटीत शिरली ती दिसेनाशीच झाली. दुसऱ्या सकाळी नर शिवणयंत्रामागे सापडला, वाळून कडक झालेला. टाकीला तेव्हा झाकण नव्हतं, आणि हे मासे भ्याले की उडी मारतात हे फिलाला माहीत नव्हतं.

फिला जमिनीवर बसून रडली. मग उठली.

"मानांग, तुमचा कापितान खुनी आहे."

"पुरावा?"

"पुरावा काय! समोर पडलाय!"

"त्याने उडी मारली. का मारली ते तू पाहिलंस? रात्री झोपली होतीस. उगाच कुणावर आळ घेऊ नये."

"सगळ्या गल्लीने पाहिलं काल! बेबांगने पाहिलं. सांग गं!"

दोघी माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, माझा भात करपतोय, आणि घर गाठलं.

नोंग तेरियोने येऊन आधी टाकीवर बारीक जाळीचं झाकण बसवलं, मग फिलाला समजावलं. "बोटीवर नवी माणसं आली की मी काय करायचो सांगू? लहान, भित्रा आधी चढवायचा. त्याला जागा सापडू दे, जेवू दे. दांडगा शेवटी. आणि एकेक करून नाही, तीन-चार जण एकदम, म्हणजे जुन्या खोडाला कळत नाही कुणाच्या मागे लागावं. एका जातीचा नर एकच. बाकी माद्या. जाती वेगळ्या, रंग वेगळे, म्हणजे कुणाला कुणात आपला शत्रू दिसत नाही."

"आणि कापितान?"

तेरियोने मानांगकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तो आधी चढून बसलाय, हाच घोटाळा आहे. त्याला काढावं लागेल. माझ्याकडे दे. माझ्याकडचे मासे त्याच्या दहापट आहेत, तो कुणावर दादागिरी करणार?"

"माझ्या घरातून कुणी कुठे जाणार नाही," मानांग आतून म्हणाली. तिचे कान म्हातारे झालेच नाहीत.

मग धरपकड सुरू झाली. मानांग चर्चला गेली की तेरियो सापळा घेऊन यायचा. शीतपेयाच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलेलं, आत कोळंबीचा तुकडा. पहिल्या दिवशी खेकडा सापडला. दुसऱ्या दिवशी तोच खेकडा. तिसऱ्यांदा दोन गोगलगायी. कापितान बाटलीपाशी यायचा, आत डोकावायचा आणि तोंड फिरवून निघून जायचा.

"कसला हुशार आहे हा," तेरियो घाम पुसत म्हणाला. "बोटीवर असले दोघेच भेटले मला, आणि दोघेही पुढे कप्तान झाले."

हुशारी त्याची नव्हतीच. मानांग चर्चला निघण्यापूर्वी त्याला पोट फुटेस्तोवर खाऊ घालत होती. एकदा रुमाल विसरला म्हणून ती परत आली, तेव्हा तेरियोचा कोपरापर्यंतचा हात टाकीत.

"सापळ्यात भुकेला सापडतो, मिस्टर तेरियो," ती दारातूनच म्हणाली. "इतकी वर्षं स्वयंपाक केलात, एवढंही माहीत नाही?" आणि रुमाल घेऊन निघून गेली. तेरियो बराच वेळ तिच्या पाठीकडे पाहत राहिला. हात अजून पाण्यातच होता.

फिलाने दुसरा उपाय केला. तिचा माप घ्यायचा उंच आरसा तिने काचेला टेकवून ठेवला. आरशातल्या कापितानला पाहून खरा कापितान पिसाळला. दिवसभर त्याची स्वतःशीच मारामारी. तेवढ्यात एक नवरीमुलगी झगा घालून पाहायला आली आणि आरशात बघायचं सोडून मासाच पाहत बसली. म्हणाली, "माझा दीर असाच आहे." पण दोन दिवसांत कापितानला कळलं की समोरचा नुसता वाकुल्या दाखवतो, चावत नाही. मग तो आरशापुढे जायचा तो फक्त ऐट करायला.

शेवटी फिलाने नवे मासे आणलेच. लखलखणाऱ्या जातीच्या तीन छोट्या माद्या, आणि वेगळ्या जातीचा एक परी-लाबायान, गुलाबी अंगाचा, लांब परांचा नर. ते थेट पाण्यात सोडले नाहीत. तेरियोने भोकं पाडलेली पारदर्शक पेटी टाकीत टांगली आणि त्यांना तिच्यात ठेवलं, म्हणजे सगळ्यांनी एकमेकांना पाहावं पण दात लावता येऊ नये.

"आता बघू कोण खुनी ते," मानांग म्हणाली. खुर्ची ओढून ती टाकीसमोर बसली. शाळेत परीक्षेवर देखरेख करायला बसायची तशी, पाठ ताठ. "मी स्वतः पाहीन. तुमच्या ऐकीव गोष्टी मला नकोत."

ती दिवसभर बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. मी तिला चॉकलेट नेऊन दिलं तर तिने मान न वळवता घेतलं. कापितान पेटीवर धडका मारत होता. धडक, मागे, धडक. आतल्या छोट्या माद्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून होत्या. मानांगने बोट पाण्यात धरलं, तो आला, कीस खाल्ला आणि लगेच वळून पुन्हा धडक. त्याच वेळी खडकाच्या फटीतून एक फिकट केशरी तोंड बाहेर आलं. पहिल्या जोडीतली मादी! ती मेली असं आम्ही धरून चाललो होतो. इतके दिवस ती लपून जगत होती. शेपटी कुरतडलेली, पोट खपाटीला गेलेलं. तिने वाहत आलेला एक कण टिपायला जरा पुढे तोंड काढलं, तर कापितान पेटी सोडून बाणासारखा तिच्यावर गेला.

मानांगने कप खाली ठेवला. अगदी हळू, पूर्वी खडू ठेवायची तसा. फिला आणि मी जागच्या हललो नाही.

"फिला," ती म्हणाली, "काचेची बरणी आण. मोठ्या तोंडाची."

बाही वर करून तिने बरणी पाण्यात आडवी धरली आणि बरणीच्या आत आपलं बोट ठेवलं. बोटावर कीस नव्हता. काहीच नव्हतं. कापितान आला. बरणीच्या तोंडाशी एकदा थांबला आणि सरळ आत, तिच्या बोटापाशी गेला. तिने तळव्याने तोंड झाकलं.

"माझ्यावर विश्वास ठेवून आला गं," ती म्हणाली, आणि मी पहिल्यांदा मॅम प्रिमीच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. "पण दुसऱ्याला उपाशी मारायचं म्हणजे... माझ्या वर्गात मी हे चालू दिलं असतं का?"

बरणीवर रुमाल टाकून ती स्वतः चालत तेरियोच्या घरी गेली. छत्री मी धरली, कारण ऊन कडक होतं आणि तिला बरणीतलं पाणी तापायला नको होतं.

त्यानंतर फिलाच्या टाकीत जणू सुट्टी लागली. पेटी उघडली तेव्हा माद्या आधी निघाल्या, मग परी-लाबायान, आपला झगा सांभाळत उतरावं तसा. कुणी कुणाच्या अंगावर गेलं नाही. फटीतली मादी बाहेर आली, खाऊ लागली, अंगाने भरली. काही महिन्यांनी तिच्या पाठीवर निळी रेघ उमटली. मग पर लांब झाले. मग केशरीचा लाल झाला.

"नोंग, हिला काहीतरी रोग झालाय!" फिलाने तेरियोला हाक मारून आणलं.

तेरियोने डोळे बारीक करून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "रोग कसला! ती नर होतेय. या माशांत असंच असतं. नवरा गेला की सगळ्यांत मोठी मादी स्वतःच नवरा होते."

फिलाने हातातली कात्री खाली ठेवली. "हे मला त्या काळात कुणी सांगितलं असतं तर!" असं म्हणून ती इतकी हसली की तोंडातल्या टाचण्या जमिनीवर पडल्या आणि आम्हाला चुंबक घेऊन शोधाव्या लागल्या.

आणि मग ती दुपार आली. ऊन कलतं झालं होतं. मी दारात तांदूळ निवडत होते. फिला किंचाळली, मी धावले. तो नवा नर, कालची मादी, टाकीच्या मध्यावर येऊन थांबला, सगळे पर ताठ उभारले आणि लखलखला. निळा, पिवळा, पुन्हा निळा. छोट्या माद्या त्याच्याभोवती गोळा झाल्या. परी-लाबायानला ते पाहवलं नाही. त्यानेही पर पसरले आणि जांभळा-पांढरा होऊन बाजूने सरकत गेला. भांडण नव्हे, नुसती चढाओढ. झग्याचं माप द्यायला आलेली एक बाई अर्ध्या मापात हात पसरून उभी राहिली. तीनचाकीवाले थांबले. खिडकीत डोकीच डोकी.

"मानांग! मानांगला बोलवा! मानांग कुठेय?" फिला ओरडत होती.

मानांग घरात नव्हती. ती तेरियोकडे होती. रोज दोनदा जायची, कारण कापितान म्हणे दुसऱ्या कुणाच्या हातून खात नाही. तिला आणायला मी गेले आणि दाराबाहेरच थबकले. आतून हसण्याचा आवाज येत होता. बाईच्या हसण्याचा, जाड, भसाडा. तो आवाज ओळखायला मला वेळ लागला, कारण तो मी जन्मात ऐकला नव्हता.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. कापितान तिकडे कुणाच्याही हातून खात होता. ताटाएवढ्या माशांमध्ये तो एकदम नम्र झाला होता, त्यांच्या अंगावरचे किडे टिपून पोट भरायचा. हे तेरियोने मला आधीच सांगितलं होतं आणि मॅमला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. मॅमलाही ते दिसत होतं. तिनेही कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. फिएस्तासाठी मी तेरियोच्या स्वयंपाकघरात नारळ खवत होते आणि ती दोघं बाहेर टाकीपाशी.

"मॅम, कापितानची एक अडचण आहे."

"कोणती?"

"संध्याकाळी तुम्ही गेलात की तो कोपऱ्यात बसतो. जेवत नाही."

"खोटं. संध्याकाळी तो झोपतो. अंगाभोवती चिकट फुगा करून झोपतो, मला माहीत आहे."

तेरियोने घसा खाकरला. मग म्हणाला, "बरं. मग मीच जेवत नाही."

मी नारळ खवायचा थांबवला.

"उत्तर बरोबर आहे," मानांग म्हणाली. "पण ते पहिल्या ओळीतच लिहायचं. माशाच्या आडून कशाला?"

"मग हो म्हणू?"

"प्रश्न तुम्ही विचारायचा, मिस्टर तेरियो. हो मी म्हणायचं."

फिलाला कळलं तेव्हा ती आधी रागावली. "एका माशापायी माझी बहीण घेऊन चाललास?" ती तेरियोवर कडाडली. "तूच म्हणालास, मला दे म्हणून! मला वाटलं मासा मागतोयस!" मग तिने त्याला मिठी मारली, आणि लगेच मापाची पट्टी काढली. झग्यावरून दोघी बहिणी भांडल्या त्या सगळ्या गल्लीला ऐकू आल्या. फिलाला जुन्या पद्धतीच्या, फुलपाखरासारख्या उभ्या बाह्या हव्या होत्या. मानांग म्हणे, "माझे खांदे फळा पुसून पुसून असे झालेत, त्यांच्यावर फुलपाखरू बसणार नाही." शेवटी बाह्या झाल्याच. आणि बसल्याही.

चर्चमध्ये पाद्रीबाबा तिचाच विद्यार्थी. तिच्यासमोर उभा राहिला आणि एक ओळ विसरला. मानांगने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली, अजिबात न चुकता, आणि शेवटी "थँक्यू मॅम" म्हणाला. मागच्या बाकांवर बसलेली मोठमोठी माणसं, पोलीस, डॉक्टर, मासेवाले, सगळी खुसुखुसु हसत होती. तिने मान वळवली, तसं चर्च चिडीचूप. पण वळताना तीही हसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फिलाकडे लग्नातलं उरलेलं डुकराचं भाजलेलं मांस व्हिनेगरात शिजवून घेऊन गेले. वाटलं, घर मोकळं झालंय, बसली असेल उदास. तर ती टाकीसमोर पाय पसरून बसली होती आणि परी-लाबायानसाठी दोन माद्या कुठून मिळतील याचा हिशेब मनाशी करत होती. एवढ्यात तेरियो दारात आला. केसांना तेल, शर्टाला इस्त्री.

"तिची उशी हवीय," तो म्हणाला. "माझी म्हणे दगडासारखी आहे."

"आणखी काय म्हणाली?"

"तुम्ही दोघींनी जेवायला यायचं. मी मासळीचं आंबट कालवण केलंय."

"यायचं का, असं विचारलंय?"

"नाही. यायचं, असं सांगितलंय." तो उशी काखेत मारून उभा राहिला. "आणि म्हणाली, भांडं घेऊन येत असाल तर हात धुऊन या, फिलाच्या हाताला टाकीच्या पाण्याचा वास येतो."

"बघ, एका दिवसात कशी नवऱ्याकरवी निरोप धाडायला लागली!" फिला उठली, हात धुतले, वास घेऊन पाहिला, पुन्हा धुतले. मी भांडं उचललं. तेरियो पुढे, उशी सांभाळत, आणि आम्ही दोघी त्याच्या मागे हसत निघालो.